कार्डावर न मावलेली ओळ

एक जानेवारीची सकाळ होती. चर्चच्या दाराशी ठेवलेल्या वेताच्या टोपलीत मी हात घातला, चार-पाच कार्डं चाचपली आणि अगदी तळातलं एक ओढून काढलं.

"चाचपायचं नसतं गं," मागून आई कुजबुजली. "हाताला पहिलं लागेल ते घ्यायचं."

आमच्या मंडळीत नव्या वर्षाची उपासना संपली की प्रत्येकाने टोपलीतून एक वचन काढायचं, अशी रीत होती. एका पोस्टकार्डाचे चार तुकडे करायचे आणि त्यांवर टबीथाबाई ओहोळांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एकेक वाक्य लिहायचं. ज्याला जे येईल ते त्याचं वर्षभराचं. मग कुणी ते आरशाच्या चौकटीत खोचायचं, कुणी घड्याळामागे ठेवायचं, आणि वर्षभरात जे काही बरंवाईट होईल ते त्या वचनाला चिकटवून मोकळं व्हायचं.

बाबांनी माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात वाचलं, "परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही उगे राहा. निर्गम चौदा, चौदा." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हेमलता, एवढ्या टोपलीत नेमकं तुझ्या मापाचं निघालं बघ."

आजूबाजूची माणसं हसली. मीही हसले. माझ्या तोंडाची टकळी आम्ही राहायचो त्या मिशन कंपाऊंडमधल्या कोंबड्यांनाही ठाऊक होती. गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, नगरकडच्या एका तालुक्याच्या गावातली. मी तेवीस वर्षांची होते, ट्रेनिंग कॉलेज करून मिशनच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. बाबा, म्हणजे शमुवेल भिंगारदिवे मास्तर, त्याच शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीच्या पाच पंचांपैकी एक. त्यांचा शब्द कंपाऊंडमध्ये खाली पडत नसे. घरात तर नाहीच नाही.

त्याच आठवड्यात जालन्याहून निर्मळ कुटुंब मला बघायला आलं.

मुलगा सुधाकर पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता. वडील नव्हते. सोबत आई आणि सतरा वर्षांची बहीण, पर्सिस. सुधाकरने इस्त्रीची पांढरी पँट घातली होती. आमची जुनी हार्मोनियम पुढ्यात ओढून त्याने एक स्तोत्र असं काही गायलं, की आईचे डोळे भरून आले आणि बाबा मांडीवर ताल धरायला लागले. खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडला. मी चहाचा ट्रे घेऊन आले तेव्हा मान जितकी खाली घालायला हवी होती तितकी काही घातली नव्हती.

कप द्यायला पर्सिस माझ्या मदतीला उठली. भावाला कप देताना तिचा हात हलला आणि त्या पांढऱ्या पँटीवर चहा सांडला.

"असू दे, असू दे," सुधाकर हसून म्हणाला. "होतं असं. पर्सिस, जरा पाणी दे बरं मला मागच्या दारी."

दोघं मागच्या ओसरीवर गेली. मी फडकं आणायला स्वयंपाकघरात शिरले. तिथल्या खिडकीच्या गजांमधून ओसरी दिसायची. त्याने पर्सिसचं मनगट धरलं होतं आणि पिळा घालून ते हळूहळू पाठीमागे नेत होता, ओलं लुगडं पिळावं तसं, घाई न करता. चेहऱ्यावर मघाचंच हसू. पर्सिसने ओठ आत दुमडून घेतले होते. तिच्या तोंडातून आवाज म्हणून निघाला नाही. आवाज न करण्याची तिला सवय आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

मग त्याने मनगट सोडलं, पँटीवरचा डाग धुतला, पुढच्या खोलीत येऊन बसला आणि बाबांना विचारलं, "तुमच्या आवडीचं कोणतं गाऊ?"

मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाहेर येईपर्यंत बाबांनी शब्द देऊन टाकला होता.

पाहुणे गेल्यावर मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, भावंडांत असं चालतंच. बाबा म्हणाले, "तू खिडकीतून पाहिलंस. लांबून. त्याने तिला पडताना सावरलं असेल."

"बाबा, तो हसत होता."

"हसत होता म्हणजे रागात नव्हता! मग झालं तर. मुलगा दारूला शिवत नाही, देवाची गाणी गातो. आणखी काय पाहिजे तुला?"

"मला विचारायचं तरी शब्द देण्याआधी."

बाबा उठले, आरशाच्या चौकटीतलं कार्ड काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "मी काय सांगू? तुला देवानेच सांगितलंय. उगे राहा."

आमच्याकडे लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवारी पाळक उपासनेत त्याची सूचना वाचतात. मुलाचं नाव, मुलीचं नाव, गाव, आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य, की या विवाहाला कोणाची न्याय्य हरकत असेल तर त्याने ती सांगावी. कुणी कधी काही सांगत नाही. त्या वाक्याला बायका पर्स शोधतात आणि लहान मुलं सतरंजीच्या कडेची चप्पल. तीन सूचना झाल्या की लग्न पक्कं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं लागत नाहीत, त्याच्या आत सगळं उरकायचं होतं, म्हणून पहिली सूचना त्याच महिन्याच्या तिसऱ्या रविवारी वाचून झाली.

तो आठवडा मी घरात भांडले. जेवणं टाकली, आदळआपट केली, रडले. बाबांनी एकदाही आवाज चढवला नाही. ते फक्त आरशात परत खोचलेल्या कार्डाकडे बोट दाखवायचे. मी पाळक थोरातांकडे गेले, तर ते म्हणाले, "आईवडिलांना घेऊन ये, बोलू आपण." आईवडिलांना घेऊन जायचं म्हणजे दिव्यच होतं. दुसरी सूचनाही वाचून झाली. मैत्रिणी हळदीच्या गप्पा करायला लागल्या. आणि एक विचार डोक्यातून हलेना: देवच गप्प बस म्हणतोय, तर मी भांडतेय कुणाशी?

बुधवारी पहाटे मी उठले, चूल पेटवायच्या आधी बाबांच्या टेबलावरचं शास्त्र घेतलं आणि ओसरीवर जाऊन बसले. आता एक गोष्ट कबूल करते. मी कंपाऊंडमध्ये जन्मले, रविवार शाळेत पाठांतराची बक्षिसं घेतली, शंभरेक वचनं मला घडाघडा येत होती. पण सगळी सुटी सुटी, बरणीतल्या गोळ्यांसारखी. एखादा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी न सांगता, स्वतःसाठी म्हणून मी कधी वाचला नव्हता. त्या दिवशीही भक्तीने वाचायला बसले नव्हते. रागाने बसले होते. देवाने हे वाक्य कुणाला, कधी आणि का म्हटलं, हे एकदा मला बघायचंच होतं. मास्तरची मुलगी होते, संदर्भासहित स्पष्टीकरण रक्तात होतं.

निर्गमचा चौदावा अध्याय मी वरून वाचायला घेतला. लोक मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटून मोशेच्या मागे निघालेले आहेत. पुढे समुद्र, मागे मिसरच्या राजाचे, फारोचे रथ. सगळे मोशेवर ओरडतायत, की आम्हांला कशाला आणलंस इथे मरायला, आम्ही गुलाम होतो तेच बरे होतो. तेव्हा मोशे त्यांना ते वाक्य म्हणतो.

मोशे म्हणतो. मी बोट ठेवून परत वाचलं. बोलणारा देव नव्हताच. घाबरलेल्या लोकांना मोशे धीर देत होता.

आणि देव त्याच्या पुढच्याच ओळीत बोलतो. पंधराव्या. तो मोशेला विचारतो, तू माझ्याकडे का ओरडतोस? या लोकांना सांग, पुढे चला.

मी ती ओळ किती वेळा वाचली कोण जाणे. चूल तशीच राहिली. आईने आतून दोन हाका मारल्या, तिकडेही माझं लक्ष गेलं नाही. मी आरशातलं कार्ड काढलं, शास्त्र तसंच काखोटीला मारलं आणि अनवाणी टबीथाबाईंच्या घराकडे निघाले.

टबीथाबाई म्हणजे आमच्या कंपाऊंडच्या जुन्या बायबलबाई. तरुणपणी खेडोपाडी पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवलेलं. आता सत्तरी उलटली होती. त्या उन्हात पाय पसरून घेवडा निवडत होत्या.

"बाई, हे कार्ड तुम्ही लिहिलंय ना?"

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "माझंच अक्षर हाय. का गं?"

"मग पुढची ओळ का नाही लिहिली?"

"कंची पुढची?"

मी वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"पोरी, तीस वर्सं झाली, दर नाताळाला मी ही कारडं लिवते," त्या म्हणाल्या. "येका कारडाचे चार तुकडे. त्यात मावंल तेवढं लिवायचं. ही ओळ काय मावली न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. "बाई, त्या न मावलेल्या ओळीपायी माझं लग्न लागतंय!"

मग मी त्यांना मनगटाचं सांगितलं. भास झाला असेल, असं त्या म्हणाल्या नाहीत. "कंच्या हाताचं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, उजव्या. त्यांनी मान हलवली.

"पण बाई, 'उगे राहा' हेही शास्त्रातच आहे की. ते कसं पुसू?"

"पुसाया कुनी सांगितलं? आगं, उगं म्हंजी रडं आवर. लेकरू रडाया लागलं की आपन उगी उगी म्हनतो. ते काय त्याला जल्मभर मुकं बसवाया? उगी म्हनायचं, नाक पुसायचं, अन् बोट धरून चालाया लावायचं."

"आणि समुद्र? तो आधी दुभंगला, का लोक आधी निघाले?"

"वाच की. शास्त्र तुझ्याच हातात हाय."

मी वाचलं. पुढे चला हे आधी आलं होतं. काठी उचल आणि पाणी दुभंगेल, हे त्यानंतर.

"म्हणजे पाणी समोर असतानाच पाय उचलायचा," मी म्हटलं.

"मला भ्या वाटलं असतं," टबीथाबाई म्हणाल्या. "तुला बी वाटनार. वाटू दे."

तिसऱ्या रविवारी निर्मळ कुटुंब सकाळच्याच गाडीने आलं. उपासनेनंतर आमच्याकडे जेवण होतं आणि संध्याकाळच्या जालन्याच्या गाडीने ते परतणार होते. चर्चमध्ये डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. बाबा पंचांच्या बाकावर. सुधाकर पुढच्याच रांगेत, पांढऱ्या पँटीत. त्याची आई आणि पर्सिस माझ्यापासून तीन हातांवर सतरंजीवर बसल्या होत्या. मी उभी राहणार होते हे फक्त टबीथाबाईंना ठाऊक होतं. देवा, मी पाय उचलते, पाण्याचं तू बघ, एवढीच प्रार्थना मला सुचली. तीही मी दहा वेळा केली असेल.

पाळकांनी कागद काढला. नावं वाचली. गावं वाचली. ठरलेलं वाक्य वाचलं आणि श्वास न घेता पुढे गेले, "स्त्रियांची प्रार्थनासभा येत्या गुरुवारी चार वाजता..."

"पाळकसाहेब, माझी हरकत आहे."

पाळकांनी मान वर केली. मला उभी पाहून त्यांना वाटलं, गुरुवारच्या सभेला हरकत आहे. "मग शुक्रवारी ठेवू," ते म्हणाले.

"सभेला नाही. लग्नाला."

पाळक चष्मा काढून पुसायला लागले. "हेमलता, बाळ, खाली बस. नवरीला हरकत घेता येत नाही."

"कुठे लिहिलंय तसं? तुम्ही कोणाची म्हणालात. मी कोणीतरी आहेच की."

पंचांच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. एक पंच म्हणाले, घेता येत नाही. दुसरे म्हणाले, नियमात तसं काही नाही, कारण हा प्रश्नच कधी आला नाही. बाबांचे कान लाल झाले होते. त्यांना एवढ्या माणसांत मान खाली घालायला लावली याचं मला तेव्हाही वाईट वाटत होतं. आजही वाटतं. पण मी बसले नाही.

"कारण सांग," पाळक म्हणाले.

मी खिडकी सांगितली, ओसरी सांगितली, मनगट सांगितलं. जास्त एक शब्द नाही. माझ्यासारख्या बडबडीचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं.

सुधाकर शांतपणे उठला. त्याचं ते हसू जागेवर होतं. "काहीतरी गैरसमज झालाय, पाळकसाहेब. बाईमाणूस आहे, लग्नाआधी धास्ती वाटते. माझी एकुलती एक बहीण आहे, मी तिला फुलासारखी जपतो. ती इथेच आहे, तिलाच विचारा." तो वळला. "पर्सिस, ऊठ. सांग सगळ्यांना."

सगळ्या माना सतरंजीकडे वळल्या. पर्सिसने मान इतकी खाली घातली होती की तिचा भांगच तेवढा दिसत होता. शेजारी तिच्या आईने तिचा पदर मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी माझ्या सुटकेसाठी उभी राहिले होते. ही पोरगी खरं बोलली काय किंवा खोटं बोलली काय, संध्याकाळच्या गाडीने तिला त्याच्याच शेजारी बसून जायचं होतं. मला माझी लाज वाटली.

"तिला विचारू नका," मी म्हटलं. "मी पाहिलंय. माझं मी सांगितलंय. तुम्हांला पटलं नाही तरी मी हे लग्न करणार नाही. तिला यात ओढू नका."

"का बरं? विचारू दे की," सुधाकर म्हणाला. "पर्सिस!"

नाव घेताना त्याचा आवाज गोडच होता. पण मी बघत होते. त्या हाकेसरशी पर्सिसचा उजवा हात आपोआप पोटाशी गेला. आणि हे फक्त मी पाहिलं नाही. समोर बसलेल्या बाबांनीही पाहिलं.

पर्सिसच्या आईने मुलाकडे पाहिलं, मग मुलीकडे. मग तिने मूठ उघडली. पदर सुटला.

पर्सिस उभी राहिली.

"माझी बी हरकत हाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मागच्या बायकांनी "काय म्हणाली, काय म्हणाली" केलं. तिने घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाली, या वेळी पार दारापर्यंत ऐकू जाईल असं, "माझी बी हरकत हाय."

पाळकांनी हातातला कागद खाली ठेवला. "कशाला, बाळ? या लग्नाला?"

"लग्नाला बी. अन् संध्याकाळच्या गाडीनं ह्याच्यासंगं घरी जायाला बी."

सुधाकर एक पाऊल पुढे आला. त्याचं हसू पहिल्यांदाच गेलं होतं, आणि त्याखालचा चेहरा सगळ्या मंडळीने पाहिला. पण त्याला दुसरं पाऊल टाकता आलं नाही, कारण बाबा पंचांच्या बाकावरून उठून मध्ये आले होते. साठीला आलेले, बारीक अंगाचे, उभ्या आयुष्यात कुणावर हात न उगारलेले माझे बाबा. ते तसेच चालत बायकांच्या बाजूला आले, जिथे कुणी पुरुष कधी पाय ठेवत नसे, आणि सतरंजीच्या कडेला चपला काढून पर्सिसच्या शेजारी उभे राहिले.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "मी या माणसाला शब्द दिला होता. तो मी सर्वांसमक्ष परत घेतो." मग, माझ्याकडे न बघता, "हेमलताचं मी ऐकायला हवं होतं."

नंतर ते पर्सिसकडे वळले. शाळेत नव्याने आलेल्या मुलाशी बोलावं तसं अगदी हळू विचारलं, "जेवणाला आमच्याकडेच यायचं होतं ना तुम्हांला? चल. आईलाही घे. पुढचं सावकाश ठरवू."

पर्सिस त्यांच्या मागोमाग निघाली. दोन पावलं गेली आणि थांबली, मागे वळून आईकडे पाहिलं, आणि तिने आपला तो उजवा हात पुढे केला.

"आये, चल."

म्हातारी सतरंजीवर हात टेकून उठली.